‘इस्रो’ची तीन लहान अक्षरं चूक नव्हेत

संपादक महोदय,

माझी नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिनं चांद्रयानावर इंग्रजी निबंध लिहिला. वही घरी आली तेव्हा ‘इस्रो’ या शब्दाभोवती सहा ठिकाणी लाल गोल होते, दहापैकी साडेसात गुण होते आणि शेजारी शेरा होता : शॉर्ट फॉर्म नेहमी कॅपिटलमध्ये लिहावा. तिनं पहिला ‘आय’ तेवढा कॅपिटल काढला होता, पुढची तीन अक्षरं स्मॉल. असं का लिहिलंस म्हणून विचारलं, तर ती आतून घरी येणारा इंग्रजी पेपर घेऊन आली. मथळ्यात अगदी तसंच छापलेलं. ‘आजोबा, मग पेपरवाले चुकतात का?’ तिच्या या प्रश्नाचं उत्तर एकट्या तिला देऊन भागणार नाही, म्हणून हे पत्र.

मी १९७८ ते २००९ गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रुफं माझ्या टेबलावर येत. आमच्या शाळेत इंग्रजीची पहिली लिपी म्हणजे कॅपिटल आणि दुसरी लिपी म्हणजे स्मॉल, असं शिकवत. छापखान्यात आल्यावर त्याच अक्षरांना अप्पर केस, लोअर केस का म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलं. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्या कंपोझिटरपुढे दोन केसा, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, असत. वरच्या केसमध्ये कॅपिटल, खालच्या केसमध्ये स्मॉल. प्रुफात अक्षर कॅपिटल करायचं असेल तर त्याखाली तीन आडव्या रेघा मारायच्या, कॅपिटलचं स्मॉल करायचं असेल तर त्यावर तिरकी रेघ. या दोन खुणा मी हजारो वेळा केल्या असतील, आणि लघुरूपांपाशी हात जितक्या वेळा थांबला तितका दुसरीकडे क्वचितच थांबला.

कारण इंग्रजीत याचा एकच एक नियम नाही. आपल्याकडेच पाहा. ‘द हिंदू’ इस्रोची चारही अक्षरं कॅपिटल छापतो. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘हिंदुस्तान टाइम्स’ पहिलंच अक्षर कॅपिटल ठेवतात. लंडनचा ‘गार्डियन’ नासा, नाटो, युनेस्को या सगळ्यांना पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान लावतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ नासा आणि नाटो पूर्ण कॅपिटलमध्ये घेतो, पण युनेस्को आणि युनिसेफ लांब पडतात म्हणून त्यांचं अनेक वर्षं पहिलंच अक्षर मोठं ठेवत असे. तोच पेपर एफबीआयच्या प्रत्येक अक्षरानंतर पूर्णविराम देतो आणि नाटोत देत नाही. करोनाच्या साथीत हे पुन्हा दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं ११ फेब्रुवारी २०२० रोजी त्या आजाराला नाव दिलं ते पाचही अक्षरं कॅपिटलमध्ये, पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या अक्षरावरच भागवलं. यांतलं कोणीही अशुद्ध लिहीत नाही. प्रत्येकाची आपापली पद्धत ठरलेली आहे आणि ती तो सोडत नाही.

‘गार्डियन’सारख्या पेपरांच्या पद्धतीमागचा विचार मला पटतो. जे लघुरूप आपण एकेक अक्षर सुटं उच्चारतो, ते पूर्ण कॅपिटल : बीबीसी, एमएमआरडीए. जे सलग शब्द म्हणून तोंडात बसलं, त्याला एखाद्या गावाच्या नावासारखं वागवायचं. मुंबईचे इंग्रजी वार्ताहर म्हाडा आणि सिडको असेच लिहितात. म्हाडाला कोणी ‘एम एच ए डी ए’ म्हणत नाही, मग त्या पाच अक्षरांनी पानावर ओरडायचं कशाला? एका पानात पाच-सहा शब्द सगळेच्या सगळे कॅपिटल आले, की मजकुरात खिळे ठोकल्यासारखे दिसतात आणि वाचणाऱ्याची नजर तिथे अडते.

शिवाय भाषेचा ओघही त्याच दिशेनं आहे. ‘लेझर’ हे पाच शब्दांचं लघुरूप. गॉर्डन गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५७ साली आपल्या वहीत ते लिहिलं तेव्हा पाचही अक्षरं कॅपिटल होती. ‘रडार’ हे नाव अमेरिकी नौदलानं १९४० साली घेतलं, तेही लघुरूपच. आज या दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षरसुद्धा कोणी मोठं काढत नाही. नोकरीच्या सुरुवातीला भौतिकशास्त्राच्या एका पुस्तकात मी ‘लेझर’ या शब्दाखाली पानोपानी तीन-तीन रेघा मारल्या होत्या. लेखकांनी स्वतः छापखान्यात येऊन त्या एकेक करून खोडल्या. त्या दुपारी मला जे कळलं, ते माझ्या नातीच्या बाईंना कळावं एवढीच इच्छा आहे.

पण म्हणून सगळीकडे स्मॉल चालतं असंही नाही. ‘बेस्ट’ पाहा. मुंबईच्या बससेवेचं हे लघुरूप इंग्रजीत चारही अक्षरं कॅपिटल काढूनच लिहायला हवं. नाहीतर वाक्याच्या सुरुवातीला आलेली बेस्टची बस आणि सर्वांत उत्तम बस यांत फरक उरत नाही. ‘एड्स’चं तसंच, कारण इंग्रजीत त्याच चार अक्षरांचा दुसरा अर्थ मदतीची साधनं. आणि ‘आशा’! गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचं हे पद. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. आशा हे आपल्याकडे घराघरातलं नाव. एखाद्या अहवालात ‘आशा आली होती’ असं इंग्रजीत लिहायचं, तर ती स्वयंसेविका की शेजारची बाई, हे कॅपिटलच सांगतात. अनेकवचनाचा ‘एस’ मात्र तिथे लहानच हवा, नाहीतर तोही लघुरूपाचा भाग वाटतो.

‘पिन’ही त्यातलंच. टपालाचा पिन कोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या कल्पनेतून. पोस्टल इंडेक्स नंबर या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. कॅपिटल गेले की इंग्रजीत नुसती टाचणी उरते. अर्ज भरताना पत्त्याच्या ओळीत मी आजही तिन्ही अक्षरं कॅपिटलच काढतो.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, तरी आपण वाट काढलीच. मराठी वर्तमानपत्रं ‘म्हाडा’ आणि ‘बेस्ट’ एकेरी अवतरणात टाकतात आणि प्रत्यय बाहेर जोडतात : ‘बेस्ट’च्या, ‘म्हाडा’ने. इंग्रजी कॅपिटलचं काम ती दोन चिन्हं करतात. अलीकडे काही ठिकाणी ती गळू लागली आहेत, त्याचं मला वाईट वाटतं. निदान ‘आशा’ आणि ‘बेस्ट’ यांची अवतरणं आपल्या अंकात टिकावीत, ही विनंती.

शिक्षकांना माझं सांगणं असं की, मुलानं लघुरूप कुठल्याही एका मान्य पद्धतीनं लिहिलं आणि शेवटपर्यंत तीच पाळली, तर गुण कापू नयेत. पहिल्या परिच्छेदात एक आणि तिसऱ्यात दुसरं असेल, तर जरूर कापावेत. मी नातीचा निबंध हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. ‘इस्रो’ सहा वेळा, ‘नासा’ दोन वेळा, आठही ठिकाणी पहिलंच अक्षर मोठं. ‘यूएसए’ एकदा आलं आहे, तिथे मात्र तिन्ही अक्षरं कॅपिटल. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, रोजचा पेपर वाचून तिनं उचललं.

वहीवर पालकांची सही लागते. मी सही केली आणि खाली लिहिलं : ‘संपूर्ण निबंधात एकच पद्धत पाळली आहे, कृपया पुन्हा पाहावे.’ वही सोमवारी शाळेत जाईल.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, डोंबिवली