‘हे नका घेऊ’ म्हटल्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

तुमच्या जॅकेटवरच्या पट्टीवर नाव होतं आणि ते माझ्या लक्षातही आहे, पण इथे लिहीत नाही. हॉटेलच्या नोकरीत ग्राहकाने केलेल्या कौतुकाचाही कधी कधी जाच होतो. शिवाय तुम्ही जे केलंत ते मालकाला आवडेलच असं नाही. नुकत्याच उघडलेल्या, झगमगीत इटालियन रेस्टॉरंटमध्ये भर गर्दीच्या रात्री तुम्ही आम्हाला निम्मा मेन्यू विकायचं नाकारलंत. कोपऱ्यातल्या टेबलावर मुलगा, सून आणि सासूबाई असे तिघं बसलो होतो. त्यातली सून मी. एवढ्यावर ओळख पटेल.

उघडं पत्र लिहितेय, कारण बिलासोबत आलेल्या अभिप्रायाच्या कार्डावर मला हवा तो रकानाच नव्हता. चव, सजावट, स्वच्छता, सेवा, प्रत्येकापुढे पाच चांदण्या. आम्ही काय खाल्लं हे तिथे लिहिता येत होतं. काय खाण्यापासून वाचलो, ते लिहायला जागा नव्हती.

अशा जागी पहिल्यांदा जाणाऱ्याची काय अवस्था होते ते तुम्ही रोज बघत असाल. दिवे इतके मंद की मेन्यूकार्ड वाचायला लोक मोबाइलचा टॉर्च लावून बसले होते (जितकी जागा महाग तितका अंधार जास्त, हा नियम कुणी केला कोण जाणे). अँटीपास्ती, प्रीमी, सेकोंदी असे विभाग, पदार्थांची नावं इटालियन, खाली बारीक अक्षरात दोन-तीन घटक, आणि काही नावांपुढे हिरवं पान. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही न खाणाऱ्या. त्यांनी हिरव्या पानांवरून बोट फिरवलं, पेस्तोचा पास्ता आणि पालक-रिकोटाची राव्हिओली यांवर थांबल्या आणि विचारलं, “ही दोन्ही शाकाहारी आहेत ना?”

“हो मॅडम” म्हणून तुम्ही पुढच्या टेबलाकडे गेला असतात तर कुणीही तुम्हाला दोष दिला नसता. कार्डावर पान छापलेलंच होतं. तुम्ही मात्र थोड्या वाकलात आणि म्हणालात, “तुम्हाला नक्की काय काय चालत नाही ते सांगाल का? अंडं चालतं? आणि चीजमधलं रेनेट?”

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. रेनेट म्हणजे दूध विरजणारं, जनावराच्या जठरातून मिळणारं विकर (एन्झाइम), हे त्यांना ठाऊक होतं. ते आपल्या ताटात असू शकतं, हे मात्र त्यांच्यापुढे कुणी कधी मांडलं नव्हतं. तुम्ही दोन वाक्यांत मांडलंत: पेस्तोमध्ये पार्मिजानो आणि पेकोरिनो ही दोन चीज आहेत. पहिल्यातलं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात आणि दुसऱ्यातलं, म्हणजे पेकोरिनो रोमानोतलं, कोकराच्या. राव्हिओलीच्या पिठात अंडं आहे. “मेन्यूवर पान आहे, कारण यात मांस किंवा मासे नाहीत. तुमचा हिशेब वेगळा असेल तर तो तुम्ही ठरवा.”

त्या “तुम्ही ठरवा”बद्दल मला थोडं जास्त लिहायचंय. अशी माहिती द्यायच्या दोन वाईट पद्धती मी पाहिल्या आहेत. एकीत वाढणारा माणूस घाबरवतो, ‘अरे बापरे, हे तर तुम्हाला चालणारच नाही’ म्हणत भोवतालच्या टेबलांना कळेल असा गाजावाजा करतो. दुसरीत तो हसून उडवतो, ‘एवढंसं तर असतं, आणि सगळेच खातात.’ तुम्ही माहिती दिलीत आणि गप्प उभ्या राहिलात. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे आजवर पिझ्झ्यावर मी काय खात आले?” तेव्हाही तुम्ही त्यांना अपराधी वाटू दिलं नाहीत. बाजारातली पुष्कळ चीज आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या विकरांनी बनतात, त्यामुळे पाकिटावर वाचल्याशिवाय काहीच सांगता येत नाही, असं म्हणालात. हे खरंच आहे. सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या मुख्य विकराला, अमेरिकेत 1990 साली परवानगी मिळाली, आणि त्यानंतर चीजच्या धंद्याचं चित्रच पालटलं. पार्मिजानो रेज्जानोचे नियम मात्र तसेच राहिले. दूध, मीठ आणि वासराचं रेनेट, कमीत कमी बारा महिने मुरवण, आणि इटलीतल्या ठरावीक टापूतलंच उत्पादन. वेगळं रेनेट वापरून तसंच चीज बनवता येतं, पण त्याला ते नाव लावता येत नाही. नावाची एवढी राखण करणाऱ्या पदार्थाबद्दल निदान खात्रीने बोलता येतं, असं सासूबाईंचं त्यावरचं मत. शिक्षिकेला साजेसंच म्हणायचं.

मग तुम्ही मेन्यू उलटा वाचायला सुरुवात केलीत. म्हणजे काय काढायचं ते आधी. न्योक्की बटाट्याची असली तरी तुमच्या किचनमध्ये ती बांधायला अंडं घालतात. वांग्याच्या पार्मिजानात थरांमध्ये चीज आहे, ते वेगळं काढता येत नाही. पुत्तानेस्का सॉस दिसायला टोमॅटो-ऑलिव्हचा, पण त्यात अँचोव्ही मासे विरघळलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. केशरी रिसोट्टोचं नाव घेताच तुम्ही “एक मिनिट” म्हणून थेट किचनमध्ये गेलात.

परत येऊन जे सांगितलंत ते मी अजून विसरलेले नाही. गर्दीच्या वेळी रिसोट्टो झटपट देता यावा म्हणून तांदूळ अर्धा आधीच शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवतात, आणि तुमच्याकडे तो कोंबडीच्या स्टॉकमध्ये शिजवलेला होता. रेस्टॉरंटची ही आतली गोष्ट. ग्राहकाला ती सांगायची कुणाला हौस नसते, कारण ‘ऑर्डर दिल्यावर ताजा ढवळलेला’ या कल्पनेवरच तर त्या पदार्थाची किंमत उभी असते. तुम्ही सांगून मोकळ्या झालात आणि वर म्हणालात, “शेफ भाज्यांच्या स्टॉकमध्ये नव्याने सुरू करायला तयार आहेत. शेवटी चीज न घालता फक्त बटर घालतील. पण पंचवीस मिनिटं लागतील. थांबाल?”

आम्ही थांबलो. शनिवारच्या रात्री, टेबलांची रांग लागलेली असताना, ती पंचवीस मिनिटं तुमच्या किचनला किती महाग पडली असतील याची मला कल्पना आहे. शेफना, आणि त्या चुलीपाशी पळी हातात धरून उभ्या असलेल्या, आम्हाला न दिसलेल्या माणसालाही माझे आभार पोचवा.

मधल्या वेळात तुम्ही कापोनाता सुचवलात. वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर्स आणि टोमॅटो, व्हिनेगर-साखरेने आंबटगोड केलेले. सिसिलीचा पदार्थ, चीज नाही, मासे नाहीत. आणण्याआधीच तुम्ही बजावलंत की तो गरम नसतो, खोलीच्या तापमानालाच खायचा असतो. ही साधी सूचना किती उपयोगाची! नाहीतर ‘थंड आणलंय’ म्हणून आम्ही नक्की परत पाठवला असता, आणि कुणीतरी तो मुकाट्याने गरम करून बिघडवून आणला असता. फोकाचा हा पाव मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि ऑलिव्ह ऑइलचा आहे, डुकराची चरबी घातलेली नाही, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. मला तर असल्या पावात चरबी घालतात हेच माहीत नव्हतं.

नवऱ्याने काचो ए पेपे मागवला होता. त्याला काहीच वर्ज्य नाही. पेकोरिनो, काळी मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढ्यावर तो सॉस कसा जमतो हे त्याने विचारलं. पाण्यात उतरलेला पास्त्याचा स्टार्च चीजच्या गुठळ्या होऊ देत नाही, पण भांडं जास्त तापलं की सगळं फिसकटतं, असं तुमचं उत्तर. त्यावर सासूबाईंनी स्टार्च आणि प्रथिनं या विषयावर जो तास घेतला तो तुम्ही, हातात रिकाम्या ताटल्या धरून, पूर्ण ऐकून घेतलात. मला जरा संकोचच वाटत होता. पण तुमच्या चेहऱ्यावरून तरी तुम्ही नुसत्या सौजन्याने ऐकत होता असं वाटलं नाही. तिथून पुढे तुमच्या तोंडचं ‘मॅडम’ जाऊन ‘आजी’ आलं, आणि सासूबाईंनाही ते आवडलं. एरवी परक्याने आजी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही.

रिसोट्टो आला तेव्हाचा एक बारीकसा प्रसंग. तुमचा एक सहकारी मोठ्या उत्साहाने चीजचा तुकडा आणि किसणी घेऊन धावत आला. ताटावर किसून द्यायचा तो सोहळा मलाही एरवी आवडतो. तुम्ही दोन टेबलं पलीकडे होता. तिथूनच हात वर केलात आणि तो आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. अर्ध्या तासाची मेहनत त्या एका किसणीने पाण्यात गेली असती. किचनला सूचना देणारे पुष्कळ असतात. ती सूचना ताट टेबलावर टेकेपर्यंत सांभाळणारे फार थोडे.

आणि रिसोट्टो खरंच चांगला होता. ताट हलवलं की पसरत जाणारा, दाणा आत किंचित ताठ. चीज नसल्याचं मला जाणवलं, खोटं कशाला सांगू. खारट खोली थोडी कमी होती. सासूबाईंना काहीच कमी वाटलं नाही. त्यांनी ताट पावाच्या तुकड्याने पुसून घेतलं.

गोडाला पुन्हा तुमची कात्री. तिरामिसूत कच्चं अंडं. पन्ना कोट्टा फक्त साय, दूध, साखर असं दिसतं, पण ती थरथर जिलेटिनची असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं. “जेलातोमध्ये, म्हणजे इटालियन आइस्क्रीममध्ये, पिस्त्याच्यात अंडं आहे, फियोर दि लात्तेमध्ये नाही, तो फक्त दूध, साय आणि साखरेचा,” असं म्हणून तुम्ही त्यावर गरम एस्प्रेसो ओतून अफोगातो दिलात. मेन्यूवरचा तो सगळ्यात स्वस्त गोड पदार्थ. तिघांसाठी तिरामिसू घेतलं असतं तर बिल चांगलंच फुगलं असतं.

याच गोष्टीमुळे मला मालकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात, त्यांच्या वाचनात हे पत्र आलंच तर. हिरवं पान छापताना अंडं आणि रेनेट यांच्या खुणा वेगळ्या करा. ऊठसूट प्रत्येक ग्राहकाला अशी वाढणारी भेटणार नाही, आणि तिने तरी रोज कार्डाची उणीव स्वतःच्या पायपिटीने का भरून काढावी? त्या रात्री किचनच्या दारातून तुम्ही किती वेळा आत-बाहेर केलंत ते मी पाहत होते. नवीन जागेत सगळं लक्ष झुंबर, ताटं आणि फोटोंवर असतं, हे समजू शकते. पण ज्या माणसांमुळे आम्ही परत येणार ती माणसं पायांवर उभी असतात, आणि त्यांना पदार्थ नीट शिकवून ठेवले तरच ती असं बोलू शकतात. तुम्हाला कुणीतरी नीट शिकवलंय, किंवा तुम्ही स्वतःच विचारत विचारत शिकलात. जे असेल त्याला सलाम.

टीप आम्ही ठेवली होती. ती सगळ्यांत वाटली जाते असं कळलं. हरकत नाही, किसणीवाल्या मुलालाही मिळू दे. बिचारा चांगल्या मनाने आला होता.

आता सासूबाईंचा निरोप. रिकोटाबद्दल त्यांनी विचारलं होतं. रिकोटा चीजमधून उरलेल्या निवळीला पुन्हा तापवून काढतात. मग ती निवळी मुळात रेनेटने विरजलेल्या दुधाची असेल, तर रिकोटा कोणत्या बाजूला धरायचा? तुम्ही प्रामाणिकपणे “माहीत नाही, पुरवठादाराला विचारून सांगते” म्हणालात. त्या विसरलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही येतोय, या वेळी आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना. टेबल तुमच्याच विभागातलं मागणार आहोत. उत्तर तयार ठेवा, कारण त्या तोंडी परीक्षा घेतील.

तुमची आभारी,
कोपऱ्यातल्या टेबलावरची सून