'सॅड' म्हणजे मुळात पोटभर

परवा तलावपाळीवर नातीच्या हातातला फुगा सुटला. वर बघत ती म्हणाली, "आजी, आय ॲम सॅड." घरी येऊन कोश उघडला. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पोट भरलेला, तृप्त! त्याचा जर्मन भाऊबंद आजही जेवण झाल्यावर 'पोट भरलं' याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र तृप्त, मग जड, मग गंभीर असं होत होत तो दुःखी झाला. मला हे परकं वाटलं नाही. आपलाही ऊर भरून येतो, मन जड होतं. शाळेत स्पेलिंग घोकून घेताना शब्दाचा हा प्रवासही पाच मिनिटं सांगावा, अशी शिक्षकांना कळकळीची विनंती.

– एक आजी, नौपाडा, ठाणे