माठवाल्यांना बाजारातच जागा हवी

आठवडी बाजारातील माठविक्रेत्यांना गावाबाहेर हलवण्याच्या निर्णयाची बातमी वाचली. वाहतूक कोंडीचे कारण खोटे नाही. पण माठ ही पिशवीत टाकून नेण्याची वस्तू नव्हे. गिऱ्हाईक तो बोटाने वाजवून पाहते, आवाज खणखणीत आला तरच घेते आणि घरापर्यंत जपून उचलून नेते. त्यासाठी भर उन्हात दोन किलोमीटर कोण जाणार? कुंभाराचा काही माल आव्यातच तडकतो, काही टेम्पोच्या धक्क्यांनी फुटतो. उरलेला चैत्र-वैशाखात खपला नाही, तर पुढे संक्रांतीच्या सुगडांपर्यंत पणत्यांवरच भागवायचे.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. आमच्या बाजारात असे सर्वेक्षण झालेले निदान माझ्या पाहण्यात नाही. गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यातले, हे तरी निर्णय घेणाऱ्यांना आठवायला हवे होते! बाजाराच्या दिवशी मैदानाच्या भिंतीलगत चुन्याने जागा आखून दिली, तरी रस्ता मोकळा राहील.

– एक वाचक, जि. धाराशिव