पाटी वाचणाऱ्याला काम देऊ नकोस

नागपूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

शिकागोकडच्या तुमच्या घरातली जुनी फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, आणि एसी बदलायला तू मागवलेली तिन्ही कोटेशनं वाचली. किमती वेगळ्या, ब्रँड वेगळे, पण तिघांनीही १ लाख बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप, इथे तासाचं) फर्नेस आणि साडेतीन टनांचा एसी लिहिलाय. जुनंही नेमकं एवढंच आहे. म्हणजे तिघांनी फर्नेसचं दार उघडलं, आतली पाटी वाचली आणि आकडा उतरवून घेतला. खिडक्या किती, माळ्यावर इन्सुलेशन किती, कुणी विचारलंसुद्धा नाही. माळ्यावर तर तुम्ही मागच्या वर्षी नवीन इन्सुलेशन घातलंत.

या लोकांना नावं ठेवण्याआधी माझी एक गोष्ट सांगतो. माझं एसीचं दुकान नवीन होतं तेव्हाची. धरमपेठेत एका गिऱ्हाइकाच्या १० बाय १२ च्या खोलीत मी २ टनांचा एसी बसवला. 'मोठाच हवा' हा त्याचा हट्ट, आणि मोठ्यात मला चार पैसे जास्त सुटत होते, म्हणून गप्प बसलो. मे महिनाभर माणूस खूश. जुलैत बोलावणं आलं. खोली गार, पण चादर ओलसर आणि कपाटामागे बुरशी. एवढा मोठा एसी पाच मिनिटांत खोली गार करतो आणि आपोआप थांबतो. हवेतलं पाणी कॉइलवर जमून निथळायला वेळ लागतो, तो त्याला मिळतच नाही. शिकागोकडचा जुलै आपल्या मेसारखा कोरडा नसतो, आपल्या श्रावणासारखा दमट असतो. वरच्या खोलीत चिकचिक होते असं तू म्हणतेस, त्यात निम्मा हात या साडेतीन टनांचा असणार.

आता फर्नेस. तुमच्याकडे आलो होतो तेव्हा एका रात्री बाहेर शून्य फॅरेनहाइट, म्हणजे आपलं उणे १८ होतं. माझं घड्याळ अजून नागपूरचंच, झोप येईना. तळघरात खुर्ची टाकून बसलो. जावईबापूंना वाटलं, सासरे रुसले. मी आपला किराण्याच्या पावतीमागे फर्नेस कधी पेटते, कधी विझते ते लिहीत होतो. पहाटे दोन ते पाच, दर तासाला मिळून साधारण अर्धा तास चालली. पाटीवर इनपुट, म्हणजे जळणाऱ्या गॅसची उष्णता, १ लाख; आउटपुट, म्हणजे घराला मिळणारी, ८० हजार. अर्धा तास चालून घर ७० फॅरेनहाइटवर राहतं, तर त्या थंडीत घराची गरज ४० हजार. पावती अजून माझ्या पाकिटात आहे.

'पण बाबा, पोलर व्होर्टेक्स आला तर?' म्हणजे ध्रुवाकडची कडाक्याची थंडी खाली उतरली तर, असं विचारशीलच, म्हणून तेही करून ठेवलंय. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर उणे २३ फॅरेनहाइट होतं. आत-बाहेरचा फरक ७० वरून ९३ वर गेला, तर गरज ५३ हजारांच्या आसपास जाते. ६० हजारांची, ९६ टक्के एफिशियन्सीची फर्नेस साडेसत्तावन्न हजार देते. भागलं. मात्र एसीची हवाही फर्नेसचाच ब्लोअर, म्हणजे पंखा, ढकलतो, टनाला साधारण ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट हवा. एसी ३ टनांचा ठरला, तर लहान फर्नेसला तेवढा ब्लोअर हवा. हे तोंडी नको, कोटेशनवर लिहून घे.

९६ टक्क्यांचीच घे. ८० टक्केवालीत गॅसच्या शंभर डॉलरमधले वीस चिमणीतून वर जातात. पण यात एक ग्यानबाची मेख आहे आणि तिन्ही कोटेशनांत तिचा उल्लेख नाही. तुमची गरम पाण्याची टाकी आणि जुनी फर्नेस एकाच चिमणीत धूर सोडतात. नवीन फर्नेस पीव्हीसी पाइपाने भिंतीतून बाहेर जाईल आणि टाकी त्या मोठ्या चिमणीत एकटी उरेल. तिचा थोडासा धूर वर जाता जाता गार पडतो, चिमणीला पाणी सुटतं, कधी धूर उलटून घरातही येतो. चिमणीत लायनर, म्हणजे आतून बारीक नळी, घालणार का, ते विचार. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांबाहेर आहे ना? नसेल तर पत्र खाली ठेव आणि आधी तो आण. आणि पीव्हीसीचं तोंड बर्फाने बुजणार नाही इतकं वर ठेवायला सांग.

जावईबापूंचं हीट पंपचं म्हणणं मला पटतं. बाहेरच्या एसीच्या जागी हीट पंप, म्हणजे उलटा चालून घर गरमही करणारा एसी, आणि कडाक्यात फर्नेस. मात्र तुमच्याकडचे गॅस आणि विजेचे दर मांडून बघा, मगच ठरवा. एसीत भरायच्या नव्या गॅसची भीती नको. २०२५ पासून तिकडे नवीन यंत्रं आर-४५४बी किंवा आर-३२ या गॅसवर येतात. हे गॅस थोडे पेट घेणारे आहेत खरे, पण आर-३२ आपल्या हॉलमधल्या स्प्लिटमध्येही आहे, आणि त्याच्याखालीच तुझी आई दुपारची झोपते.

आता चौथ्या माणसाला बोलाव. फोनवरच विचार, 'मॅन्युअल जे करता का?' म्हणजे घराला उष्णता-गारवा किती लागतो, त्याचा रीतसर हिशेब. आढेवेढे घेतले तर त्याला येऊच देऊ नकोस. आला तर टेप काढून खिडक्या मोजतो की सरळ तळघराकडे जातो, तेवढं बघ. रात्री अकरा असले तरी फोन कर, मी जागाच असतो.

आईचा एक प्रश्न आहे. जुन्या फर्नेसच्या तापलेल्या धुराड्यालगत ती दह्याचं भांडं ठेवायची. नव्या फर्नेसचा धूर इतका गार असतो की प्लास्टिकचा पाइप चालतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणते, मग यंदा आले तर दही कुठे लावू?

तुझा,
बाबा