बीप ऐकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आभार मानू देत नाही. "चहा झाला ना? मग झालं," म्हणालात आणि पिशवी उचलून निघालात. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे, पण सूनबाई वाचून दाखवतील. शिवाय कोपरखैरणे-घणसोलीत ज्यांचा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी उठतच नाही, अशा चार जणांच्या उपयोगी पडेल.

त्या चार जणांसाठी थोडं आधीचं. मी घरीच अक्षरजुळणीचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका आणि गणपती उठले की दिवाळी अंक. ऐन त्या घाईत कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं की पंखे एक गिरकी घेऊन थांबायचे. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केला की परत तीच एक गिरकी. दुकानात नेला. त्यांनी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणारं कार्ड, काढून पाहिलं, तेव्हा पंखे फिरत राहिले, पण पडद्यावर काही येईना. "मदरबोर्ड गेला." माझा प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत बसतो, त्या सॉकेटचा बोर्ड आता सहज मिळत नाही, म्हणजे बोर्डाबरोबर प्रोसेसर आला, रॅमही आली. निकाल आणि कोटेशन एकाच कागदावर मिळालं.

काका, तुम्ही आलात तेव्हा मी तो कागद पुढे केला. तुम्ही तो वाचलाही नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "काम कुठल्या डिस्कवर आहे?" कॅबिनेट उघडून आधी एसएसडी काढलीत, पिशवीतल्या केबलने ती लेकीच्या लॅपटॉपला जोडलीत आणि अंकाची सगळी पानं तिथे उतरवून घ्यायला लावलीत. पानं उघडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. "आता घाई संपली," म्हणालात. खरं सांगते, तुम्ही तिथेच थांबला असतात तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

मग तुम्ही ती गिरकी मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलीत. मला वाटत होतं वेळ जातोय. तुमचं मात्र तेवढ्यात निम्मं काम झालं होतं. एसएमपीएस, म्हणजे आत सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, मेलेला असता तर पंखा हललाच नसता. आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय तो दुसऱ्यांदा दाद देत नाही, याचा अर्थ त्याला पुढे कुठेतरी जास्त करंट ओढला जाताना दिसतोय आणि तो स्वतःला वाचवायला कुलूप घालून बसतोय. "पळणाऱ्याला दोष देऊ नका, कशाला घाबरून पळतोय ते बघा," हे तुमचं वाक्य लेक आता घरात सगळ्यांना ऐकवते.

तरी एसएमपीएसला तुम्ही तसंच सोडलं नाहीत. सगळ्या वायरी काढून, मोठ्या २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला तारेच्या तुकड्याने जोडलीत आणि भार म्हणून एक जुनी हार्डडिस्क लावलीत. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लालवर ५. दोन्हीकडे पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ चे ११.४ ते १२.६. मीटर १२ च्या किंचित वर थांबला. तेवढ्यावर तुम्ही त्याला निर्दोष ठरवलं नाहीत. हार्डडिस्कचा भार तो केवढासा, "सध्या संशय कमी झाला, एवढंच." लेकीने एसएमपीएसचा डबाच उघडू का असं विचारलं, तेव्हा मात्र आवाज चढवलात. आतल्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. बरं झालं चढवलात.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत आवडला. तुम्ही बिलाच्या फाइलमधून प्रोसेसरचं नाव शोधायला लावलंत. आय फाइव्ह ९४०० एफ. त्या एका 'एफ'वर बोट ठेवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. इंटेलच्या एफवाल्या प्रोसेसरमध्ये पडद्याला चित्र देणारा भाग चालू नसतो. म्हणजे कार्ड काढल्यावर पडदा काळा राहणारच होता, बोर्ड ठणठणीत असला तरीही. ज्या पुराव्यावर माझा बोर्ड मेला असं ठरलं होतं, तो पुरावा काही सांगतच नव्हता. दुकानातल्या मुलांवर तुम्ही चिडला नाहीत. रांग लागलेली असते, प्रत्येकाच्या प्रोसेसरचं शेपूट कोण वाचणार, एवढंच म्हणालात. मी अजून थोडी चिडलेली आहे.

मग तो बीप वाजवणारा काळा बझर. शेंगदाण्याएवढा, दोन वायरींचा. तो बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर बसवलात, कार्ड बाहेरच ठेवलंत, रॅमही काढलीत. दर वेळी प्लग काढून एकदा पॉवरचं बटण दाबायचं, उरलासुरला चार्ज निघून जाऊ द्यायचा, मगच आत हात. चालू केलं. एक लांब बीप आणि दोन आखूड. माझ्या बोर्डाच्या पुस्तिकेत याचा अर्थ, रॅम सापडत नाही. रॅम परत बसवली. आता एक लांब आणि तीन आखूड, म्हणजे ग्राफिक्स सापडत नाही. "तक्रार बदलली!" असं तुम्ही जवळजवळ ओरडलात. (वाचणाऱ्यांनो, ही भाषा प्रत्येक बोर्डाची वेगळी असते, आपापली पुस्तिका काढा. काही बोर्डांवर बीपऐवजी चार छोटे दिवे असतात.)

मला तेव्हा एवढ्या आनंदाचं कारण कळलं नव्हतं. तुम्ही समजावलंत. बीप बोर्ड आपला आपण काढत नाही. प्रोसेसर बायोसच्या चिपमधला, म्हणजे बोर्डावरच साठवलेला, सुरुवातीचा प्रोग्रॅम वाचतो, चालवतो, रॅम तपासतो, मग ग्राफिक्स शोधतो. म्हणजे त्या तीन आखूड बीपांमध्ये प्रोसेसर, बायोस, बोर्ड आणि रॅम या सगळ्यांची हजेरी लागली होती. मग ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत, इन्स्ट्रुमेंट खात्यात घालवलेल्या नोकरीचं सांगितलंत. तिथे टाकीतली पातळी कंट्रोल रूमला कळवायला ४ ते २० मिलीअँपिअरचा करंट पाठवतात. टाकी रिकामी असेल तर ४ येतात. शून्य आले तर टाकीचं काहीच कळलेलं नसतं, तार तुटलेली असते किंवा यंत्र बंद असतं. "नाही म्हणणारा आणि गप्प बसणारा, यात आयुष्यभर फरक केला मी," असं तुम्ही म्हणालात. माझा बोर्ड नाही म्हणत होता. दुकानात त्याला तोंडच दिलं नव्हतं.

उरलं कार्ड. ते परत लावून बघू, असं मी म्हटलं. तुम्ही नको म्हणालात, आणि लेकीच्या मित्राच्या चालत्या कॉम्प्युटरमध्ये लावून बघायलाही नको. संशयित वस्तू दुसऱ्याच्या धडधाकट मशीनमध्ये घालायची नाही. कार्ड टेबलावर ठेवून, एसएमपीएसची सहा पिनांची वायर जिथे लागते तिथे मीटरची टोकं टेकवलीत, एक १२ व्होल्टच्या बाजूला, एक ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळजवळ शून्य. ग्राफिक्स चिपच्या स्वतःच्या लाइनवर असा कमी रोध चांगल्या कार्डातही दिसतो, पण १२ व्होल्टच्या लाइनवर दिसला तर शॉर्ट, हेही तिथल्या तिथे सांगितलंत. भिंगातून पाहिलं तर त्याच बाजूला तांदळाच्या कणीएवढ्या एका कपॅसिटरवर करपल्याचा डाग होता.

तरीही "कार्ड गेलं" हे शब्द तुम्ही उच्चारले नाहीत. पिशवीतून तुमचं जुनं, छोटं कार्ड काढलंत. त्याला वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधून मिळते तेवढी वीज पुरते, आणि तो स्लॉट ७५ वॉटपर्यंत देतो. ते बसवलं. एकच आखूड बीप, आणि पडद्यावर बोर्डाचं नाव आलं. तेव्हा म्हणालात, "आता म्हणा, कार्ड गेलं."

नवं कार्ड मी अजून घेतलेलं नाही. अक्षरजुळणीला तुमचं छोटं कार्ड पुरतंय, अंक छपाईला गेला. माझं करपलेलं कार्ड चिप लेव्हलचं, म्हणजे कार्डावरचे बारीक भाग बदलण्याचं, काम करणाऱ्या एकाकडे दिलंय, कपॅसिटर बदलून जगलं तर तुमचं तुम्हाला परत. पैसे तुम्ही घेतले नाहीत. माझ्या कामात मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली, तेवढी मात्र हक्काने मागून घेतलीत. अंकाची प्रत घेऊन येईन तेव्हा आणखी एक बॅटरी आणते.

आणि हो, मागच्या गल्लीतल्या रो हाउसमधल्या मुलाचा कॉम्प्युटरही चालू होत नाहीये. त्याला लगेच तुमच्याकडे पाठवलेलं नाही. आधी डिस्क काढून कॉपी घे आणि बझर लावून ऐक, असं सांगितलंय. काहीच ऐकू आलं नाही, तर रविवारी आम्ही दोघं येतो.

आपली,
कोपरखैरणेची अक्षरजुळणीवाली