शालेय कबड्डी, खो-खोमध्ये माउथगार्डची सवय लावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की पार्क मैदानापासून कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलापर्यंत सोलापुरातील सगळी मैदाने सकाळपासून गजबजून जातात. मुलांच्या गुडघ्यांना नी-कॅप असते, मनगटांना पट्ट्या असतात, मॅटवर खेळण्यासाठी लागणारे बूट घ्यायला पालक पदरमोडही करतात. मात्र तोंडात माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक कवच, घातलेला खेळाडू अख्ख्या स्पर्धेत शोधूनही सापडत नाही. मुष्टियुद्धात ज्या साधनाशिवाय खेळाडूला रिंगणात उतरू देत नाहीत, ते कबड्डी, खो-खो आणि हॉकी खेळणाऱ्या आपल्या बहुतेक मुलांनी हातातही घेतलेले नसते. शाळांनी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने त्याची सुरुवात याच हंगामापासून करावी, अशी कळकळीची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

क्रीडाशिक्षक म्हणून नोकरीची सारी वर्षे मी मैदानावर काढली आहेत, त्यामुळे दात कसे जातात हे जवळून पाहिले आहे. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू घोटा धरण्यासाठी झेप घेतो, तेव्हा त्याचे तोंड चढाई करणाऱ्याच्या टाचेच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर आलेले असते आणि पाय सोडवण्यासाठी दिलेला झटका नेमका वरच्या ओठावर बसतो. साखळी करून पकड करताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, तीही बहुधा एकाचे कपाळ आणि दुसऱ्याचे दात अशीच. खो-खोत खांबाजवळ सूर मारणाऱ्या मुलाचा अंदाज चुकला की हनुवटी खांबावर आदळते आणि वरच्या-खालच्या दातांची टक्कर होऊन त्यांचे टवके उडतात. ओबडधोबड खेळपट्टीवर अचानक उसळणारा सीझन बॉल सुमारे १६० ग्रॅम वजनाचा असतो, हे हेल्मेटशिवाय यष्टिरक्षण करायला उभ्या राहणाऱ्या मुलांच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी मैदानाबाहेरून हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘लहान आहे, येईल दुसरा दात.’ वरचे पुढचे दोन कायमचे दात वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीच येतात. म्हणजे पाचवी-सहावीत कबड्डी खेळू लागलेल्या मुलाचा समोरचा दात पडला तर त्या जागी दुसरा येणार नाही. कृत्रिम दात हाडात कायमचा बसवायचा तर जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते आणि त्यासाठी साधारण अठरा वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक थांबावे लागते. तोवर काढता-घालता येणारा दात वापरायचा, तो सांभाळायचा, वाढीबरोबर बदलून घ्यायचा आणि शेवटी मोठ्या खर्चाला तोंड द्यायचे. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांतून आलेल्या कितीतरी गुणी खेळाडूंना हा खर्च पेलणारा नाही, याची मला मनापासून काळजी वाटते. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत, त्यांना धोका आणखी जास्त.

माउथगार्डचे काम सोपे आहे. तो वरच्या दातांवर बसतो, बसलेल्या माराचा जोर एकाच दातावर न येता पसरवतो, वरच्या आणि खालच्या दातांची टक्कर सौम्य करतो आणि ओठ-गाल दातांनी फाटू देत नाही. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासूनही तो वाचवतो असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही, तेवढी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. क्रीडा साहित्याच्या दुकानात मिळणारा तयार माउथगार्ड तोंडात ढिला राहतो आणि तो जागेवर ठेवण्यासाठी दात आवळून धरावे लागतात, म्हणून तो घेऊच नये. दुसरा प्रकार गरम पाण्यात मऊ करून, तोंडात घालून, बोटांनी आणि जिभेने दाबत दातांवर बसवायचा असतो. हा काही शे रुपयांत मिळतो आणि नीट बसवला तर शालेय खेळाडूला पुरेसा उपयोगी पडतो. सर्वांत चांगला तो दंतवैद्याने दातांचे माप घेऊन, त्यावरून प्लास्टरचा साचा करून बनवलेला. पण तो बराच महाग पडतो. दात येत असण्याच्या वयात माउथगार्ड दर हंगामाला तपासून गरजेप्रमाणे बदलावा लागतो आणि दातांना तारा बसवलेल्या मुलांनी तो दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो. आपल्या सोलापूरकरांसाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते. गरम पाण्याने मऊ होणारी ही वस्तू उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत राहिली तर तिचा आकार बिघडतो आणि मग ती दातांवर बसत नाही. खेळ संपल्यावर ती गार पाण्याने धुऊन, भोके असलेल्या डबीत घालून, सावलीत ठेवावी.

कबड्डीच्या प्रशिक्षकांचा एक आक्षेप रास्त आहे. चढाई करणाऱ्याला ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम पंचांना स्पष्ट ऐकू येईल असा घालावा लागतो आणि तोंडात काही असले तर दम तुटल्याचा निर्णय मिळेल, अशी भीती त्यांना वाटते. ढिल्या माउथगार्डच्या बाबतीत ती खरीही आहे. पण दातांवर घट्ट बसलेला, टाळूकडची कड नीट कापलेला माउथगार्ड घालून काही दिवस सराव केला की उच्चार मोकळा होतो. शिवाय कोपरा आणि मध्यरक्षण सांभाळणाऱ्या ज्या मुलांना चढाईला क्वचितच पाठवले जाते, त्यांच्यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? मार तर त्यांनाच अधिक बसतो. न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या स्थानिक सामन्यांत १९९८ पर्यंत माउथगार्ड सर्वांना सक्तीचा झाला आणि १९९५ ते २००३ या काळात रग्बीतील दातांच्या दुखापतींचे भरपाईचे दावे ४३ टक्क्यांनी घटले. रग्बीतही खेळाडूंना एकमेकांना हाका मारत, ओरडतच खेळावे लागते.

माउथगार्ड नसताना अपघात झालाच तर काय करायचे, हेही आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. एका आंतरशालेय सामन्यात एका मुलाचा समोरचा दात मुळासकट निखळला. कोणीतरी तो उचलला, माती लागली म्हणून नळाखाली चोळचोळून धुतला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मुलगा दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली आणि दात वाचला नाही. दाताच्या मुळावरील नाजूक पेशी कोरड्या पडल्या की मरतात, म्हणून मुळाला बोट लावायचे नाही, दात वरच्या पांढऱ्या भागाने धरायचा, माती लागली असेल तर पाण्याने क्षणभर हलकेच धुवायचा, मूळ घासायचे नाही आणि कायमचा दात असेल तर शक्य तितक्या लवकर त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावून धरायला लावायचे. तसे जमत नसेल तर दात दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठायचा. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा पेला दूध केव्हाही मिळते. फक्त दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो.

यासाठी स्वतंत्र योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. शाळांनी क्रीडा निधीतून नी-कॅप घेताना त्याच यादीत माउथगार्ड धरावा. शहरातील दंतवैद्यांनी हंगामापूर्वी एकेका शाळेत जाऊन माउथगार्ड बसवून द्यायला मदत करावी. विनंती केली तर कितीतरी जण ती आनंदाने करतील, अशी मला खात्री आहे. पंचांच्या बैठकीत निखळलेल्या दाताच्या प्रथमोपचाराची माहिती द्यावी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने यंदाच्या स्पर्धांच्या परिपत्रकात कबड्डी, खो-खो आणि हॉकीच्या संघांसाठी माउथगार्डची शिफारस करावी. ती सध्या ऐच्छिक असली तरी चालेल. मात्र पुढील वर्षी चौदा वर्षांखालील गटापासून ती बंधनकारक करण्याचा विचार व्हावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर