बाबा, तुम्ही विचारलं होतंत

पुणे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

पणजीच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता बाबांनी खिडकीशी येऊन विचारलं होतं, "बँकेतली नोकरी सोडलीस, आता जपानी शिकून पुढे काय?" गाडी हलली आणि उत्तर राहून गेलं. फोनवर सांगायला जावं तर आईला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन ठेवतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी हिरागानाचा, म्हणजे जपानी मुळाक्षरांचा, तक्ता लावला. ४६ अक्षरं. त्या एकेक ओळ म्हणू लागल्या: आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. बाबा, मला तुमचा वर्गच दिसला. पावसाचं पाणी कौलांवरून गळतंय, तुमची पट्टी फळ्यावरून सरकतेय आणि आम्ही पोरं बेंबीच्या देठापासून बाराखडी म्हणतोय. पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा जातात, म्हणजे कंठापासून ओठांकडे, आपल्याच वर्णमालेसारख्या. फक्त 'न'नंतर 'ह' का, हे मला कळेना. तिथे ओठांची ओळ यायला हवी होती. विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, फार जुन्या काळी तो 'ह' नव्हताच, 'प' होता. आणि सगळं जागच्या जागी बसलं! बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला. गळ्यावर बोट ठेवून कंठ्य आणि दातांना जीभ लावून दंत्य तुम्ही शिकवलं होतंत, बाबा. तेच घेऊन मी त्या वर्गात बसले आहे.

वाक्यंही परकी वाटत नाहीत. क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्ययासारखे शब्द लागतात. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मात्र घाम काढते. रोजच्या वापरातली म्हणून ठरवलेलीच २१३६ आहेत. परवा 'ओया' लिहायला शिकले. ओया म्हणजे आईबाप. सोळा रेघांचं अक्षर, त्यात उभं राहणं, झाड आणि पाहणं असे तीन तुकडे. झाडावर उभे राहून लेकराकडे बघत असतात ते आईबाप, असं ते लक्षात ठेवायला शिकवतात. अक्षराची खरी व्युत्पत्ती वेगळी आहे, पण मला गाडी वळेपर्यंत स्टँडवर उभे असलेले बाबा आठवले आणि त्या दिवशी ते अक्षर मी पानभर लिहिलं.

आई, आता तुझ्यासाठी. जेवणाआधी ते लोक हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. त्या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धरणं. मोठ्यांनी दिलेलं मस्तकी लावून घ्यायचं. तू मंगेशीचा प्रसाद तळव्यावर घेऊन आधी कपाळाला लावतेस, मग तोंडात घालतेस, अगदी तसं. आणि घरातून निघताना म्हणतात 'इत्ते किमास', म्हणजे 'जाऊन येते'. 'जाते' म्हटलं की तू रागवायचीस ना?

सुट्टीत मी एकटीच जुन्या गोव्याला गेले होते, ते का हे तेव्हा सांगितलं नाही. तिथे सेंट पॉल कॉलेजची एक कमान तेवढी उरली आहे. बाबांनी येता-जाता पाहिली असेल. कागोशिमाचा आंजिरो नावाचा माणूस १५४८ साली त्या कॉलेजात होता. गावी हातून खून झाला म्हणून तो पळाला, मलाक्क्याला फ्रान्सिस झेवियर या पाद्र्याला भेटला आणि गोव्यात येऊन पोर्तुगीज शिकला. १५४९च्या एप्रिलात झेवियर त्यालाच दुभाषा म्हणून घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरला. त्या पाद्र्यांनी आपल्याकडे काय केलं ते बाबांनीच मला सांगितलं आहे, ते मी विसरलेले नाही. पण दोन भाषांच्या मधे उभा राहणारा तो घर सुटलेला माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. मला ते काम करायचं आहे, बाबा. जपानीतून थेट मराठीत, मधे इंग्रजी न घेता. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता जड जाणारी गोष्ट. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा म्हणते. मिळाली तर वर्षभर तिकडे. आईचा गुडघा, बाबांची साखर, रात्री-अपरात्री काही झालं तर शेजारच्या काकूंशिवाय कोण, हे सगळं मनात घोळवून झालं आहे आणि तरीही जावंसं वाटतं. तुम्ही नको म्हणालात तर अर्ज करणार नाही. पण फोनवर "बरं, बरं" नको. दोघांनी बोलून, बाबांच्या अक्षरात चार ओळी लिहून पाठवा.

चवथीला आदल्या दिवशीच पोचते. सुपारीचे घोस आणि तोरिंगणं आणून ठेवा, गणपतीवरची माटोळी मी बांधीन. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
बाय